वीस पाकळ्यांची थाळी आणि न दिसणारा टाका

गोधडीवर तुकडा लावण्याची आपल्याकडची रीत हाताची आहे: कड दुमडायची, टाचण्या लावायच्या आणि धावदोऱ्याने तुकडा खालच्या थरांना धरून ठेवायचा. हेच काम मशीनवर करायचे म्हटले की कडेने दाट झिगझॅग भरलेला, ताठ झालेला तुकडा डोळ्यांसमोर येतो, आणि हातकामाची गोडी लागलेल्या अनेक जणी त्या कल्पनेनेच मशीनपासून लांब राहतात. प्रत्यक्षात मशीनवर तुकडा इतक्या बारीक टाक्याने लावता येतो की हातभर अंतरावरून तो टाका दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या घरी मी ही पद्धत प्रथम करून पाहिली, आणि आता माझ्या गोधड्यांची वर्तुळे व पाकळ्या मी बहुधा अशाच लावते. पद्धत शिकण्यासाठी मी ज्या नमुन्याची निवड केली, त्याच नमुन्यावर ती इथे सविस्तर सांगते.

नमुना आहे ड्रेस्डेन प्लेट. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतल्या घराघरांत तो फार लोकप्रिय झाला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फुलापानांनी रंगवलेल्या चिनी मातीच्या थाळ्यांवरून त्याला हे नाव मिळाले. त्या काळातल्या बायका धान्याच्या आणि पशुखाद्याच्या छापील कापडी पिशव्या उसवून त्यांचे तुकडेही गोधडीत वापरत असत. जुने कापड वाया जाऊ द्यायचे नाही, हा विचार आपल्या वाकळीचाही पाया आहे, म्हणून हा परदेशी नमुना मला कधी परका वाटला नाही. त्याची रचना सोपी आहे. निमुळत्या पाकळ्या एकमेकींना जोडून गोल चकती तयार करायची, मध्ये उरलेले भोक एका लहान वर्तुळाने झाकायचे आणि सगळी थाळी साध्या चौकोनी कापडावर लावायची. पाकळ्यांची संख्या कमीजास्त असू शकते, परंतु वीस पाकळ्यांची थाळी सर्वांत जास्त आढळते. वर्तुळाचे ३६० अंश, पाकळ्या वीस, म्हणून प्रत्येक पाकळीचा कोन १८ अंशांचा.

सामानाबद्दल आधी एक महत्त्वाची गोष्ट. या पद्धतीला झिगझॅग टाका देणारे मशीन लागते. घरोघरी असलेले जुने काळे पायमशीन फक्त सरळ टाका घालते. त्यावर पाकळ्या जोडण्याचे काम उत्तम होईल, परंतु थाळी कापडावर लावताना कडेपासून एक मिलिमीटर आत सरळ टीप घालावी लागेल आणि ती दिसेल. टीप दिसली तरी काम मजबूत होते, त्यामुळे ज्यांच्याकडे तेच मशीन आहे त्यांनी थांबू नये. बाकी सामान रविवार पेठेत मिळते. कापडगंज आणि बोहरी आळीच्या परिसरात मांजरपाट, पॉपलिन, सुया, दोरे आणि शिवणकामाच्या बारीकसारीक वस्तू चालण्याच्या अंतरावर सापडतात. पाकळ्यांसाठी सुती कापडच घ्यावे. ब्लाउजपिसांचे टू बाय टू रुबिया कापडही चालते, कारण ते बारीक विणीचे असते आणि त्याची दुमड नीट बसते. खणाचे कापड कितीही मोहात पाडत असले तरी पहिल्या थाळीला घेऊ नये, कारण त्याचे सूत कडेने फार सुटते. सगळे कापड आधी धुऊन घ्यावे. गडद लाल आणि निळे तुकडे ओले करून पांढऱ्या चिंधीवर ठेवून इस्त्री फिरवावी. चिंधीवर रंग उतरला तर तो तुकडा बाजूला काढावा.

जुन्या सुती साडीच्या पाकळ्या करायच्या असतील, आणि गोधडी म्हटली की ती इच्छा होणारच, तर कापड कापण्यापूर्वी त्याला खळ द्यावी. वापरून मऊ झालेली साडी कापताना आणि शिवताना सरकते, उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेने ताणली जाते आणि पाकळीचा आकार बिघडतो. मी साबुदाण्याची खळ करते: एक टेबलस्पून साबुदाणा चार कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, पातळ कापडातून गाळायचा आणि गार झाल्यावर साडी त्यात बुडवून सावलीत वाळवायची. भाताची पेजही चालते, परंतु पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत पेज दिलेले कापड लवकर वाळत नाही आणि त्याला वास लागतो. खळ दिलेले कापड काम पूर्ण होईपर्यंतच तसे ठेवावे. गोधडी तयार झाल्यावर ती धुऊन खळ काढून टाकलीच पाहिजे, कारण खळीच्या कापडाला कसर लागते.

आता पाकळीचा साचा. जाड कार्डशीटवर एक समलंब चौकोन आखायचा: उंची १५० मिलिमीटर, वरची बाजू ६९ मिलिमीटर आणि खालची २१.५ मिलिमीटर. दोन्ही समांतर बाजूंचे मध्यबिंदू एकाच उभ्या रेषेवर आले पाहिजेत. या मापात दोन्ही बाजूंची सहा-सहा मिलिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेर राहणारे जादा कापड, धरलेली आहे. खालच्या बाजूचा अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटेल, परंतु तो सोडून सरळ २२ मिलिमीटर घेतले तर वीस पाकळ्यांचे कोन मिळून ३६० ऐवजी साधारण ३५६ अंश भरतात आणि थाळी सपाट बसत नाही. म्हणून साचा टोकदार पेन्सिलीने आखावा आणि धारदार कटरने कापावा. कापडाच्या १५ सेंटिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या काढून त्यांवर साचा एकदा सुलटा, एकदा उलटा असा ठेवत गेले की कापड वाया जात नाही. ४४ इंच पन्ह्याच्या एका पट्टीतून बावीस-तेवीस पाकळ्या सहज निघतात. छापावरची फुले एकाच दिशेने उभी असतील तर मात्र अर्ध्या पाकळ्यांत ती उलटी येतील. अशा कापडाला साचा एकाच दिशेने ठेवावा आणि वाया जाणारे कापड सोसावे.

पाकळीचे टोक शिवण्याची युक्ती फार सुंदर आहे. पाकळी उभी, सुलट बाजू आत ठेवून दुमडायची आणि फक्त वरच्या रुंद बाजूला सहा मिलिमीटरवर टीप मारायची. दुमडीकडचा कोपरा तिरका छाटायचा, माया उघडायची आणि टोक उलटून बाहेर काढायचे. सपाट केल्यावर आपोआप टोकदार माथा तयार होतो आणि त्याच्या दोन्ही कडा दुमडलेल्या असतात. टोक बाहेर काढायला क्रोशाच्या सुईचे बोथट टोक वापरावे, कात्री वापरू नये, कारण एका झटक्यात कापड फाटते. मागची टीप पाकळीच्या बरोबर मध्यावर आली आहे की नाही ते पाहून मगच इस्त्री करावी. वीस पाकळ्यांची टीप मी दोरा न तोडता एकामागून एक मारते. पताकांच्या माळेसारखी त्यांची रांग मशीनच्या मागे तयार होते आणि वेळ बराच वाचतो.

पुढे पाकळ्या एकमेकींना जोडायच्या. दोन पाकळ्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून रुंद टोकाकडून सुरुवात करावी, तिथे दोन-तीन टाके मागे-पुढे घालून पक्के करावे आणि अरुंद टोकाकडे जावे. रुंद टोक दिसणारे आहे, अरुंद टोक मधल्या वर्तुळाखाली झाकले जाणार आहे, त्यामुळे उरलेला फरक झाकल्या जाणाऱ्या बाजूला जावा. आधी दोन-दोनच्या आठ जोड्या, मग चार-चारचे चार गट, मग प्रत्येक गटाला उरलेली एक-एक पाकळी जोडून पाव थाळ्या आणि शेवटी पूर्ण गोल अशा क्रमाने गेल्यास चूक लवकर कळते. पाव थाळी, म्हणजे पाच पाकळ्या, काटकोनात बसते की नाही हे वहीच्या कोपऱ्याला लावून तपासता येते. ही तपासणी कधीही टाळू नये.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगते, कारण तिच्यातून मला नमुन्याचे गणित कळले. माझी पहिली थाळी टोपलीसारखी खोलगट झाली होती. माया थोडी जास्त घेतली गेली असेल, असे समजून मी दुसऱ्या थाळीत माया कमी केली, तरीही ती खोलगटच राहिली. मग मोजून पाहिल्यावर लक्षात आले की माया सगळीकडे सारखीच जास्त किंवा कमी असेल तर थाळी सपाटच राहते. मधले भोक तेवढे लहान किंवा मोठे होते. थाळी बिघडते ती टीप तिरकी गेल्यावर. बाहेरच्या टोकाला माया आतल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त घेतली गेली, तर पाकळीच्या दोन बाजू मिळून बाहेरून एक मिलिमीटर कमी होते, आणि वीस पाकळ्यांत मिळून सुमारे साडेसात अंश हरवतात. उलट, बाहेरच्या टोकाला माया कमी पडली तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात. म्हणून थाळी खोलगट किंवा लाटदार झाली की माया वाढवण्या-घटवण्याच्या फंदात न पडता प्रत्येक टीप दोन्ही टोकांना मोजावी. मशीनच्या पट्टीवर सुईपासून सहा मिलिमीटरवर चिकटपट्टीची एक सरळ रेघ लावून ठेवली तर हा दोष बहुतेक नाहीसा होतो. शिवून झाल्यावर सगळ्या माया उघडून इस्त्री करावी. एका बाजूला वळवलेली माया उंचवटा तयार करते आणि पुढे झिगझॅग त्या उंचवट्यावर अडखळतो.

मधले वर्तुळ ७५ मिलिमीटर व्यासाचे असते. भोक सुमारे सहा सेंटिमीटरचे आहे, त्यामुळे चारी बाजूंनी सात मिलिमीटरच्या आसपास कापड झाकले जाते. कार्डशीटची अचूक गोल चकती कापावी. स्वयंपाकघरातली योग्य मापाची वाटी असेल तर कंपासही लागत नाही. कापडाचे वर्तुळ १० सेंटिमीटरचे घ्यावे, कडेपासून पाच मिलिमीटरवर बारीक धावदोरा घालावा, चकती मध्ये ठेवून दोरा ओढावा. कडेच्या मायेला कापसाच्या बोळ्याने दाट खळ लावावी आणि गरम इस्त्री दाबून धरावी. माया पूर्ण कोरडी झाल्यावरच दोरा सैल करून चकती काढावी. ओलसर असताना काढली तर कड पुन्हा सैल पडते आणि वर्तुळाला कोपरे येतात. जून ते सप्टेंबरच्या दिवसांत ही चकती मी रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवते.

थाळी ज्या चौकोनावर बसवायची तो ४६ सेंटिमीटरचा कापावा, जरी शेवटी ४३ सेंटिमीटरच लागणार असला तरी. टाके पडताना कापड थोडे आत ओढले जाते, म्हणून आधीच मापात कापलेला चौकोन शेवटी वाकडा निघतो. चौकोन आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर दुमडून हलक्या घड्या पाडाव्यात. थाळीची एक जोडरेषा उभ्या घडीवर ठेवली की दर पाचवी जोडरेषा पुढच्या मुख्य घडीवर येते, आणि दोन्ही कर्णांवर, चारही कोपऱ्यांच्या दिशेला, पाकळीचे टोक बरोबर बसते, कारण ४५ अंशांत अडीच पाकळ्या मावतात. ही जुळणी पाहूनच थाळी टाचावी. टाचण्यांपेक्षा हाताचे कच्चे टाके मला जास्त भरवशाचे वाटतात. मशीनखाली कापड सारखे वळत असते तेव्हा टाचण्या निसटतात.

आता मूळ तंत्राकडे. त्याचा सगळा भर दोऱ्यावर आणि ताणावर आहे. वर अगदी बारीक पारदर्शक एकतारी दोरा लागतो, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा. मणी ओवायला आपण जो तंगूस वापरतो तो यासाठी फार जाड आणि राठ आहे. फिक्या कापडाला स्वच्छ पारदर्शक आणि गडद कापडाला धुरकट रंगाचा दोरा घ्यावा. मिळाला तर पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण नायलॉनचा दोरा सुती कापडाच्या इस्त्रीला टिकत नाही. माझ्या एका थाळीचे टाके अतिगरम इस्त्रीखाली वितळले आणि ती थाळी पूर्ण उसवावी लागली. बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या रिळात, मात्र पारदर्शक दोरा कधीही भरू नये. भरताना तो ताणला जातो, नंतर आखडतो आणि कापडाला चुण्या पाडतो. बॉबिनला मागच्या कापडाच्या रंगाचा बारीक सुती दोरा भरावा. सुई ९ नंबरची घ्यावी, ती न मिळाल्यास ११ ची, आणि ती नवीन असावी, कारण बारीक दोऱ्यासोबत सुईचे मोठे भोक उघडे पडून दिसते.

वरच्या दोऱ्याचा ताण बराच सैल करावा. माझ्या मशीनवर साध्या शिवणीला चार असलेला आकडा मी एक ते दीडवर आणते. उद्देश एवढाच, की बॉबिनचा दोरा वर डोकावू नये. वर रंगीत ठिपके दिसले तर वरचा ताण आणखी कमी करावा किंवा बॉबिनच्या पेटीचा ताण किंचित वाढवावा. हा दोरा रिळावरून उड्या मारत सुटतो आणि खुंटीभोवती गुंडाळला जातो, म्हणून रीळ खुंटीवर न लावता मशीनच्या मागे एका काचेच्या पेल्यात उभे ठेवून दोरा वरून येऊ द्यावा. झिगझॅगची रुंदी एक ते सव्वा मिलिमीटर आणि लांबी एक मिलिमीटर ठेवावी. मशीनला समोरून उघडे असलेले पारदर्शक फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) असेल तर तेच लावावे, कारण कड सतत दिसली पाहिजे. चौकोनाच्या खाली बटर पेपरचा एक थर टाचावा. तो नसेल तर पातळ कापड टाक्यांखाली गोळा होते. वर्तमानपत्र वापरू नये, शाईचे डाग पडतात.

या सगळ्या आकड्यांची परीक्षा आधी उरलेल्या तुकड्यांवर करावी. मी एका चौकोनावर पाच-सहा रेघा वेगवेगळ्या ताणाने मारून, प्रत्येक रेघेखाली पेन्सिलीने ताणाचा आकडा लिहून, तो तुकडा मशीनच्या खणात जपून ठेवला आहे. दर वेळी नव्याने शोधाशोध करावी लागत नाही.

शिवताना थाळी सुईच्या डाव्या बाजूला येईल असे कापड ठेवावे. झिगझॅगचा उजवा टाका थाळीच्या कडेला चिकटून पण बाहेर, खालच्या कापडात पडला पाहिजे, आणि डावा टाका पाकळीच्या दुमडीत एक मिलिमीटर आत. उजवा टाका पाकळीवरच पडू लागला तर कड सुटी राहते, आणि तो कडेपासून लांब गेला तर बारीक शिड्या दिसतात. सुरुवात एखाद्या पाकळीच्या सरळ भागात करावी, टोकावर कधीही करू नये. पहिले पाच-सहा टाके जवळजवळ एकाच जागी घ्यावेत, शेवटीही तसेच करावे. पारदर्शक दोऱ्याची गाठ बसत नाही, त्यामुळे हे जवळचे टाकेच त्याची गाठ असतात.

वीस टोके आणि वीस खाचा मिळून चाळीस वळणे आहेत, आणि सगळे कौशल्य त्या वळणांत आहे. टोकावर आल्यावर सुई उजवीकडे, म्हणजे खालच्या कापडात रुतलेली असताना थांबावे, फूट उचलावे, कापड वळवावे आणि पुढे जावे. दोन पाकळ्यांमधल्या खाचेत याच्या उलट करावे: सुई डावीकडे, पाकळीत असताना वळावे. हा नियम पाठ होईपर्यंत मी हातचाक स्वतः फिरवून वळणे घेत असे, आणि नवशिक्यांनी तसेच करावे असे मला वाटते. खाचेत एक टाका जास्त घेतला तरी बिघडत नाही, कारण धुताना सर्वांत आधी तिथलीच कड सुटते. मधले वर्तुळ लावताना वळणे नसतात, परंतु दर तीन-चार टाक्यांनी सुई बाहेरच्या बाजूला असताना फूट उचलून कापड किंचित फिरवावे लागते. कापड हाताने ढकलत गोल फिरवले तर वर्तुळ अंड्यासारखे होते.

झिजलेल्या, अगदी विरळ झालेल्या साडीच्या पाकळ्यांना मात्र मी हा दोरा लावत नाही. एकतारी दोरा कठीण असतो आणि मऊ, थकलेल्या सुताला तो काळाने कापतो, असे मला माझ्याच एका लहान गोधडीवर दिसले. अशा पाकळ्यांना त्यांच्याच रंगाचा बारीक सुती दोरा वर-खाली दोन्हीकडे भरून तोच बारीक झिगझॅग घालावा. टाका थोडा दिसेल, परंतु कापड टिकेल.

काम झाल्यावर बटर पेपर टाक्यांच्या दिशेने हलक्या हाताने फाडून काढावा, कच्चे टाके उसवावेत आणि चौकोन उलटा करून मऊ टॉवेलवर मंद इस्त्री करावी. मग थाळीखालचे जास्तीचे कापड मागच्या बाजूने कापायचे. मागचे कापड चिमटीत उचलून लहान छेद द्यावा आणि टाक्यांपासून सहा मिलिमीटर सोडून ते गोलाकार कापून काढावे. कात्री बोथट टोकाची असावी आणि तिच्या वरच्या पात्यावर सतत नजर असावी. हे करणे सक्तीचे नाही, परंतु पुढे हाताने धावदोरा घालायचा असेल तर एक थर कमी झाल्याचा फरक बोटांना पहिल्या ओळीतच जाणवतो. शेवटी थाळीचा मध्य चौकोनाच्या मध्यावर ठेवून चौकोन ४३ सेंटिमीटरच्या मापात कापावा. असे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळीत जोडले की सुमारे १२६ सेंटिमीटरची चौरस गोधडी होते, लहान मुलाच्या अंगावर पुरेल एवढी.

थर घालताना खाली मांजरपाट, मध्ये जुन्या साडीच्या एक-दोन घड्या आणि वर जोडलेले चौकोन असा क्रम ठेवावा. थाळीच्या बाहेरच्या कडेपासून तीन मिलिमीटरवर पहिला धावदोरा फिरवावा आणि तिथून पुढे आपल्या नेहमीच्या गोधडीसारख्या ओळी बाहेर नेत जाव्यात. पाकळ्यांच्या आत मी फक्त प्रत्येक जोडरेषेला लागून एक ओळ घालते, कारण जास्त ओळींनी मशीनचा न दिसणारा टाका आणि हाताचा दिसणारा टाका एकमेकांत गुंततात. गोधडीच्या कडेला उरेब पट्टीचा गोट लावून झाला की ती कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवावी, न पिळता आडवी पसरून वाळवावी, आणि वाळल्यावर प्रत्येक खाच बोटाने चाचपून जिथे कड उचललेली दिसेल तिथे हाताने दोन टाके घालावेत.